भोंग्यावरची इंग्रजी तबकडी

आम्ही भावंडं एकत्र जमलो की जेवणं उरकायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "अरे, ते डुकरांचं सांग ना!" डुकरांचं सांगून होत नाही तोच दुसऱ्याला वरात आठवते. वरातीवरून आई, आईवरून अरविंदभाऊ. तोवर चहा दोनदा होतो. घरात नवीन आलेली सून हळूच विचारते, "आत्या, हे सगळं खरंच झालं होतं?" आता तिला काय सांगू? आम्ही तर त्यातलं बरंचसं गाळूनच सांगतो!

वाशीमला आमच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, लाउडस्पीकरचं दुकान होतं. ॲम्प्लिफायर, मोठे भोंगे, बॅटरी आणि तबकड्या वाजवायचं यंत्र. जयंती, गणपती, लग्नसराई, निवडणूक, काहीही असलं की आबांचे भोंगे झाडावर चढायचे. माझा मोठा भाऊ सुधाकर त्यांच्या हाताखाली. त्याला सगळे सुधादादा म्हणत. दादाचा मित्र बबन लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि काम नसलं की आमच्याच दुकानात पडलेला असायचा.

अशा दुकानात इंग्रजी रॉक कुठून आलं? तर आमचा आतेभाऊ अरविंद मालवाहू जहाजावर नोकरीला होता. परदेशातल्या बंदरांतून तो या मोठ्या तबकड्या घेऊन यायचा. किन्हीराजा गावी त्याच्या घरी एकदा त्या वाजल्या आणि त्याच्या वडिलांनी बजावलं, "हे पुन्हा वाजलं तं म्हैस दूध देनार नाही!" मग तबकड्यांची ट्रंक आली आमच्याकडे.

दादा पार वेडा झाला. त्याचं एकच म्हणणं. घरात छोट्या स्पीकरवर ऐकण्यात काही अर्थ नाही. एकदा, फक्त एकदा, हे मोठ्या भोंग्यावर, भर माणसांत वाजलं पाहिजे.

आबांचंही एकच म्हणणं. "सुध्या, भोंगा लोकं जमवाले लावतात, पांगवाले नाही. हे वाजलं तं लोकं उठून जातीन!"

ती कित्येक वर्षं दोघंही आपापल्या जागी ठाम होते.

* * *

तबकड्यांच्या पाकिटांवरची नावं आम्हाला धड वाचता येत नव्हती. मी शाळेत इंग्रजी शिकत होते, पण ती अक्षरं अशी वेडीवाकडी काढलेली की अक्षर कुठलं आणि वेल कुठला, कळायचं नाही. म्हणून आम्ही चित्रं पाहून नावं ठेवली. एकीवर जळतं शेत होतं, ती 'आगवाली'. एकीवर सुनसान रूळ, ती 'रेल्वेवाली'. एकीवर काहीच नव्हतं, नुसता निळा रंग. ती 'निळी', माझी आवडती. दादाची आगवाली, बबनची रेल्वेवाली.

यावरून भांडणंही व्हायची. बबन म्हणायचा, "आगवालीत नुसता आरडाओरडा हाये. रेल्वेवालीतला ढोल ऐक, असं वाटते छातीवर कोनी धान्य कांडून राह्यलं!"

दादा म्हणायचा, "तुले ढोलाच्या पुढं काही समजते काय बे?"

मी निळीचं नाव काढलं की दोघंही एकदम, "तू गप बस व! ते काय रॉक हाये? ते अंगाईगीत हाये!"

* * *

आमच्या यंत्राचा वेग बदलायचं बटन केव्हाच तुटलं होतं. दुकानातल्या सगळ्या तबकड्या लहान, पंचेचाळीसच्या वेगाच्या. म्हणून आबांनी ते तारेनं पंचेचाळीसवर कायमचं बांधून टाकलेलं. इंग्रजी तबकड्या मोठ्या, त्यांचा वेग तेहतीस. हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही अख्खा उन्हाळा त्या तशाच ऐकल्या! गाणारे सगळे चिमण्यांसारखे चिवचिवायचे, आणि गिटार अशी पळायची की वाजवणाऱ्याच्या मागं कुत्रं लागलंय.

दादा कौतुकानं म्हणायचा, "पाह्य, इंग्रजांचा हात किती चालते!"

अरविंदभाऊ सुट्टीवर आला. त्यानं एक मिनिट ऐकलं आणि हसता हसता खालीच बसला. मग तार सोडली, वेग बरोबर केला आणि आगवाली लावली. जाड, खोल, संथ आवाज घुमायला लागला.

आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो. शेवटी बबन काळजीनं म्हणाला, "अरविंदभाऊ, यायची तब्येत बिघडली काय?"

भाऊ परत जहाजावर गेला त्या दिवशी बबननं तार पुन्हा बांधली!

* * *

आमची आई या सगळ्यापासून लांब असायची. एकदा ती ट्रंक उघडून तबकड्यांवरची धूळ पुसत होती. तिला एका तबकडीवर फोटो दिसला. चौघं शेतात पाठमोरे उभे, केस कमरेपर्यंत.

आई हरखली. "सुध्या, काय केस हायेत रे या पोरींचे! पन यांच्या माईले काही कळते का नाही? एकीचीबी वेनी घातली नाही. सगळे केस मोकळे सोडून शेतात धाडलं!"

 दादानं तबकडी उलटी करून तिच्या हातात दिली. मागच्या बाजूला तेच चौघं, आता समोरून. चौघांनाही छातीपर्यंत दाढ्या!

आईनं बराच वेळ पाहिलं. मग तबकडी परत ट्रंकेत ठेवत म्हणाली, "तरी वेनी घालता आली असती."

* * *

दहावीच्या सुट्टीत दादानं मला कामाला लावलं. निळीच्या पाकिटात आतल्या बाजूला गाणी छापलेली होती. "तू शिकली-सवरली हायेस. हे लोक काय म्हनून राह्यले ते मराठीत सांग."

मी शेजारच्या गुरुजींचा शब्दकोश मागून आणला आणि मन लावून बसले. एकेक शब्द शोधायचा म्हणजे काय चेष्टा आहे! दुपार गेली. संध्याकाळी दादा आणि बबन दोघंही समोर मांडी घालून बसले. मी वाचायला सुरुवात केली.

"मी चालत आहे. मी अजून चालत आहे. रस्ता लांब आहे. हो, हो, हो. माझ्या जोड्यात भोक आहे. हो, हो. माझी बाई दुसऱ्या गावी आहे. मी चालत आहे."

दादा म्हणाला, "पुढं?"

"एवढंच. मग पुन्हा पहिल्यापासून."

"अन् ते 'हो हो' कायले लिहिलं?"

"दादा, तसंच छापलं आहे! मी माझ्या मनचं एक अक्षर घातलेलं नाही."

बबन विचारात पडला होता. त्यानं डोकं खाजवलं. "म्हंजे हे तं आपल्या मानोरा भागातल्या लोकांवानीच हाये ना गड्या. कामासाठी पायी निघाले, जोडे फाटके, बाई घरी." थोडं थांबून म्हणाला, "पन आपले लोक चुपचाप चालतात. यायनं तबकडी काढली!"

त्या दिवसानंतर मात्र निळीला कोणी अंगाईगीत म्हटलं नाही.

* * *

बबनला रेल्वेवालीतला एक गिटारचा तुकडा फार आवडायचा. लांबच लांब, कुठून निघाला आणि कुठं जातो ते कळायचं नाही. त्यानं तो क्लॅरिनेटवर बसवला. महिनाभर आमचे कान किटले.

मग एका वरातीत, ऐन चौकात, त्यानं तो सुरू केला. बाकीचे बँडवाले गोंधळून थांबले. नाचणाऱ्यांचे हात वर गेले ते वरच राहिले. कोणत्या ठोक्याला खाली आणायचे? नवरदेवाचा घोडासुद्धा कान टवकारून उभा. नवरदेवाचे काका घाम पुसत पुढं आले.

"काय झालं रे? वाजा बिघडला काय?"

"नाही काका. इंग्रजी हाये."

"बंद कर!"

"मस्त हाये काका, आयका तं..."

काकांनी खिशातून एक नोट काढली आणि बबनच्या टोपीत खोचली. "आता तरी बंद कर, बाबू!"

आम्हाला वाटलं, बबन खट्टू होईल. पण तो दुसऱ्या दिवशी दुकानात आला तो खुशीतच. तेव्हापासून प्रत्येक वरातीत, चौक आला की, बबन थोडं इंग्रजी वाजवायचाच!

* * *

आता डुकरांचं.

मानोऱ्याकडचे एक शेतकरी आबांकडे आले. ज्वारीत रानडुकरं घुसून राह्यली, भोंगा पाहिजे. आबांनी त्यांना सेट दिला, बॅटरी दिली, आणि भजनाच्या तबकड्या दिल्या. दोन दिवसांनी गृहस्थ परत आले.

"आबा, काही फायदा नाही. डुकरं भजन आयकत आयकत खाऊन राह्यले!"

आबा चहा सांगायला उठले, तेवढ्यात दादानं आगवाली त्यांच्या पिशवीत घातली आणि कानात सांगितलं, "आवाज पुरा ठेवजा."

पुढच्या आठवड्यात ते सेट परत करायला आले. आबांनी विचारलं, "काय, गेले का डुकरं?"

"गेले आबा. एकबी फिरकलं नाही."

दादाची मान अशी ताठ झाली! ते गृहस्थ मात्र उदास होते. थांबून म्हणाले, "पन राखनदारबी पळून गेला ना. म्हनते, त्या शेतात मी पाय ठेवत नाही. आता माह्या शेतात मीच एकटा हावो."

आबांनी दादाकडे पाहिलं. ओरडले नाहीत, काही नाही. अगदी शांतपणे म्हणाले, "पाह्यलं? डुक्कर थांबलं नाही, मानूस थांबन काय?"

दादाचं मोठ्या भोंग्याचं स्वप्न तिथंच संपलं, असं आम्हाला वाटलं.

* * *

दादाचं लग्न ठरलं. वहिनी मानोऱ्याची. लग्न आमच्याकडे, वाशीमलाच होणार होतं. दादा आबांसमोर जाऊन उभा राहिला.

"आबा, मले घड्याळ नको, सायकल नको. आतापर्यंत दुसऱ्यांच्या लग्नात भोंगे मीच चढवले. माह्या लग्नात आगवालीची एक बाजू लागू द्या. एकच."

 आबांनी हातातली वायर गुंडाळून खाली ठेवली. मग म्हणाले, "सुधाकर, पाव्हणे मानसं येतीन. पंगत उठून गेली तं मी त्यायले काय तोंड दाखवू?"

सुध्या नाही, सुधाकर म्हणाले. तिथं बोलणंच खुंटलं. 

लग्न छान लागलं. सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली, हार घातले, फुलं पडली. यंत्रावर बबन होता, आणि आबांनी काढून दिलेल्या तबकड्या एकामागून एक निमूट लावत होता. मांडवाबाहेर मानोऱ्याहून आणखी दोन ट्रक येऊन उभे राहिले, तेव्हा मात्र आईच्या तोंडचं पाणी पळालं. धरली होती त्याच्या दुप्पट माणसं!

पहिली पंगत नवरीकडच्यांची बसली. आमच्याकडे रीत अशी, की पंगतीतला वडीलधारा माणूस उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही. वडीलधारे म्हणजे वहिनीचे आजोबा. दात एकही नाही. बुंदीचा एकेक दाणा तोंडात इकडून तिकडे फिरवत ते निवांत जेवत होते. सगळी पंगत त्यांच्यासाठी थांबलेली. आणि पानावर पाहुणा बसलाय म्हटल्यावर वाढप्यांना हात आखडता घेता येईना. वाढा भाजी, वाढा पोळी, वाढा बुंदी! इकडे आमची माणसं भर उन्हात उपाशी उभी.

आई आबांना म्हणाली, "अहो, काहीतरी करा ना! बुंदीचं पातेलं तळाले लागलं."

"काय करू? पाव्हण्यायले उठा म्हनू?"

आबा मांडवाच्या खांबाला टेकून थोडा वेळ उभे राहिले. मग सरळ यंत्रापाशी गेले. मी तिथंच पाण्याचे तांबे भरत होते, म्हणून मला नीट ऐकू आलं.

"बबन, सुध्याची ती तबकडी कुठं हाये?"

बबन दचकला. "कोनती आबा?"

"तेच ते. आगीचं. लाव. आवाज पुरा."

बबननं बॅगेतून आगवाली अशी झटक्यात काढली की जणू सकाळपासून तिथंच होती! तार सोडून त्यानं वेगही बरोबर केला.

मोठ्या भोंग्यातून आधी गिटार एकटीच आली, हळू, कोणी अंगण झाडावं तशी. मग ढोल पडला. मग तो माणूस असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले! तिकडे हार घालून बसलेला दादा ताडकन उभाच राहिला. वहिनी घाबरून विचारायला लागल्या, "काय झालं जी? काय झालं?" दादानं नुसतं भोंग्याकडे बोट केलं.

आबा पंगतीकडे पाहत होते. आता उठतील. आता उठतील.

आजोबांनी हातातला घास खाली ठेवला. मान वर करून भोंग्याकडे पाहिलं. मग मांडी बदलून, नीट टेकून बसले. आजोबाच बसले म्हटल्यावर पंगत कशाला हलते! वाढप्यांचा हात थांबेना, बुंदी चालूच राहिली, आणि आगवालीची ती बाजू वाशीमच्या भर मांडवात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली.

संपली तेव्हा एकदम सामसूम झाली. नुसती सुई खरखरत होती. तेवढ्यात पंगतीच्या टोकाकडून आजोबांचा खणखणीत आवाज आला, "अय लाउडस्पीकरवाले! दुसरी बाजू राह्यली ना!"

बबननं आबांकडे पाहिलं. आबांनी बुंदीच्या पातेल्यात पाहिलं.

"उलटी कर, बाबू," आबा म्हणाले. "बुंदी सरली. आता हेच वाढ."