लोतरामच्या घरचा एकांत

लोतराम आमचा शेजारी. दोन घरांमध्ये एक दगडी बांध आणि एक जर्दाळूचं झाड, एवढंच अंतर. त्यामुळे गेली बावीस वर्षं त्याचं बोलणं मी फुकटात ऐकत आले आहे. झाडाला पालवी फुटली की जरा कमी ऐकू येतं, तेवढाच विसावा.

तरुणपणी तो मनालीला गेला आणि बसस्थानकावर हॉटेलांसाठी गिऱ्हाइकं पकडू लागला. बस थांबायच्या आत खिडकीला लोंबकळायचं आणि खोली, गरम पाणी, बर्फ, सगळं एका दमात गळ्यात मारायचं. अकरा हंगामांत त्याचा घसा असा तयार झाला की आता तो घरात चहा मागतो ते समोरच्या डोंगरावर गवत कापणाऱ्या बायकांना कळतं.

तिथेच त्याला साक्षात्कार झाला. मोटारींच्या रांगेत चार-चार तास अडकलेले शहरी लोक काच खाली करून विचारायचे, "भाई, गर्दी नसलेली जागा आहे का कुठे?" लोतरामला आपलं गाव आठवलं. आमच्याकडे गर्दी नाही, कारण आमच्याकडे काहीच नाही. रस्ता खालच्या पुलापाशी संपतो. फोन देवळामागच्या शिळेवर चढल्याशिवाय लागत नाही. दुकानात बिस्किटं एकाच जातीची, तीही मऊ पडलेली. जे आजवर आमचं रडगाणं होतं, तेच त्याने गावी परतून, घराचा वरचा मजला पाहुण्यांसाठी काढून, पाटीवर रंगवलं: ‘इथे कोणी येत नाही. तुम्ही या.’

दोन वर्षं पाटीतला पहिला भाग तेवढा खरा ठरला. जे चुकून आले ते तिसऱ्या दिवशी पळाले. का पळाले, हे लोतराम सोडून सगळ्या गावाला माहीत होतं.

शेवटी त्याच्या बायकोने, नूपीने, भर पाणवठ्यावर जाहीर केलं, "आषाढ लागतो त्या संक्रांतीपर्यंत एक तरी पाहुणा महिनाभराच्या बोलीने टिकला, तर ठीक. नाहीतर माझ्या भावाबरोबर मेंढ्या घेऊन वर जायचं. चार महिने."

तिचा भाऊ डोलेराम. दीडशे मेंढ्यांचा कळप, आणि दिवसाला फार तर चार शब्द. लोतरामचा चेहरा पांढरा पडला. चौदाव्या वर्षी बापाने त्याला असाच वरच्या कुरणावर पाठवला होता. चौथ्या दिवशी रडत घरी आला. म्हणे अस्वल आलं. अस्वलाने काय केलं, असं विचारलं तर म्हणाला, "काहीच बोललं नाही." एकांत विकणाऱ्या माणसाला एकांताची अशी धडकी!

आणि संक्रांतीला तीन आठवडे उरले असताना दिल्लीच्या तनेजा मॅडम आल्या. साठीच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. चाळीस वर्षं माणसांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी केलेली.

"मला महिनाभर कोणाचा आवाज नको आहे," त्या म्हणाल्या.

"अगदी योग्य जागी आलात, मॅडम!" लोतराम म्हणाला, आणि आवाज नसण्याचे फायदे त्यांना संध्याकाळपर्यंत सांगत बसला.

दुसऱ्या दिवशी त्या सज्जात बसल्या, तर हा चहा घेऊन हजर. "बघा, किती शांत! पानसुद्धा हलत नाही! मनालीत असतं तर आत्ता चार भोंगे वाजले असते." आणि चारही भोंगे वाजवून दाखवले. मॅडम ओढ्यावर गेल्या, हा मागोमाग. मॅडम देवदारात शिरल्या, हा प्रत्येक झाडाची ओळख करून द्यायला पुढे. मी बांधावरून म्हटलं, "अरे लोतराम, त्यांना जरा एकटं सोड की!"

"भाभी, एकट्याने एकांत कळत नाही. समजावून द्यावा लागतो."

आठव्या दिवशी मॅडमनी विचारलं, "याहूनही शांत जागा आहे का? जिथे कोणीच, म्हणजे *कोणीच* नसेल?"

जागा होती. वरचं कुरण, तीन तासांच्या चढावर. पण ते संक्रांतीपर्यंत बंद असतं. बर्फ वितळलं की तिथे जोगिणी, म्हणजे शिखरांवरच्या देवी, उतरतात, आणि देवता कौल देईपर्यंत आमच्यातलं कोणी सीमेचा दगड ओलांडत नाही. तिथे शिट्टी नाही, हाक नाही. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

लोतरामने डोकं चालवलं. मॅडम परक्या, त्यांना बंदी कसली? आणि आपण दगडाच्या अलीकडेच थांबायचं. म्हणजे नियमही पाळला आणि गिऱ्हाईकही राखलं.

त्याप्रमाणे तो खरंच अलीकडे थांबला. एक पाऊलसुद्धा पुढे टाकलं नाही. आणि तिथे उभा राहून, कुरणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलेल्या मॅडमना तासभर ओरडून सांगत राहिला, "मॅडम! ऐकू येतेय का शांतता? डावीकडे बसा, तिकडे जास्त आहे!"

त्याच दुपारी गारा पडल्या. सफरचंदं अक्रोडाएवढी झाली होती, त्यातली निम्मी जमिनीवर.

लोतराम कुठे गेला होता, हे मी कोणालाही सांगितलं नाही. फक्त पाणवठ्यावर दोघींना, आणि देवळात दिवा लावताना पुजाऱ्याच्या बायकोला. तिसऱ्या दिवशी देवतेची पालखी बाहेर निघाली, आणि ज्याच्या अंगात देवता येते त्या गूर झाबेरामने टोपी काढून, केस मोकळे सोडून थरथरत विचारलं, "जोगिणींची झोप कोणी मोडली?"

सगळं गाव लोतरामकडे बघू लागलं.

"महाराज, मी पाय आत ठेवला नाही!" तो हात जोडून म्हणाला.

"पाय गेला नाही," देवता म्हणाली, "तोंड गेलं."

शिक्षा ठरली: संक्रांतीच्या आदल्या दिवशी लोतरामच्या अंगणात, त्याच्याच खर्चाने, पाच गावांना धाम, म्हणजे गावजेवण. आमच्या धामेला नाही कोणी म्हणत नाही. ज्यांच्या झाडाला गार शिवलीही नव्हती तेही नुकसान भरून घ्यायला आले. सकाळी नऊपासून ढोल, नगारे, करनाळ. अंगणात पंगतीवर पंगती, भात, राजमा, कढी, गोड भात. मॅडमच्या सज्जाखालीच चुलाण पेटलेलं, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक म्हातारा विडी ओढत बसलेला.

मॅडम दार उघडून बाहेर आल्या. "हे कोण लोक आहेत?"

"दोन-चार नातेवाईक, मॅडम," लोतराम म्हणाला. मागून दोनशे माणसांनी देवतेचा जयजयकार केला.

नूपी भात वाढता वाढता माझ्या कानात म्हणाली, "ताई, या आज गेल्याच बघा. भावाला सांगितलंय, आणखी एक घोंगडी बांधून ठेव."

डोलेराम ओसरीच्या कोपऱ्यात जेवत होता. त्याने मान हलवली. त्या दिवसाचं त्याचं बोलणं तेवढंच.

चारच्या सुमाराला पालखी उठली, ढोल उताराला लागले, अंगणात पानं आणि कुत्री उरली. मॅडम खाली आल्या. हातात पिशवी नव्हती. लोतराम धावत पुढे गेला.

"मॅडम, माफ करा, उद्यापासून चिटपाखरू नाही फिरकणार! मी स्वतः दारात बसून..."

"मला राहायचं आहे," मॅडम म्हणाल्या. "महिना नाही, आश्विनापर्यंत."

लोतरामने नूपीकडे असं पाहिलं, जसं काही त्यानेच हिमालय बांधला.

"एक अट आहे. तुम्ही इथे असायचं नाही."

"मी? मॅडम, गर्दी तर त्यांची होती!"

"दोनशे माणसं आली, जेवली आणि चार वाजता गेली," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही जात नाही."

नूपी पदर तोंडावर धरून आत पळाली. मी मात्र तिथेच उभी राहिले. शेजारधर्म असतो.

"पण भाभी," लोतराम माझ्याकडे वळला, "पाहुणा टिकला की! मग मी वर का जायचं?"

"तू गेलास तरच टिकतोय ना, भावा. गेला नाहीस तर पाहुणा जाणार, आणि मग तुला जावंच लागणार."

त्याने बोटांवर हिशेब करून पाहिला. दोन्ही बाजूंनी मेंढ्याच येत होत्या.

संक्रांतीला देवतेने कौल दिला आणि कळप निघाला. पुढे डोलेराम, मागे घोंगडी गुंडाळलेला लोतराम. वळणाआड गेला तरी त्याचा आवाज येत होता. एका काळ्या एडक्याला तो मनालीच्या हॉटेलांचे दर सांगत होता. इकडे नूपी दिवसातून दोनदा मॅडमच्या दाराबाहेर ताट ठेवते आणि पाय न वाजवता परत येते. दोघींचं छान जमलंय, अजून एकमेकींशी दहा शब्दही बोलल्या नाहीत.

सहाव्या दिवशी दुपारी डोलेराम एकटाच खाली उतरला आणि माझ्या ओसरीवर येऊन बसला. मी घाबरले.

"मेंढ्या बऱ्या आहेत ना?"

"हो."

"लोतराम बरा आहे?"

"हो."

"मग काय, मीठ संपलं?"

"नाही," तो म्हणाला, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. संध्याकाळपर्यंत हलला नाही.