मायच्या तोंडात मारलेली बॅटरी

“तोंड उघडा, मावशी. अजून. मागच्या पोरांना दिसू द्या.”

माय शाळेच्या ओट्यावर खुर्चीत बसली होती. डॉक्टरनं तिच्या तोंडात बॅटरी मारली. समोर सगळी शाळा. मी आठवीच्या रांगेत.

सावद्याजवळच्या आमच्या गावात दातांचं शिबिर होतं. डॉक्टर म्हणजे नानांचा मुलगा. नाना म्हणजे केळीच्या बागांचे मालक. माय त्यांच्याच बागेत घड वाहायची. पालकांना बोलावलंय म्हणून डोक्यावरची चुंबळ कमरेला खोचून ती तशीच आली होती.

“हे बघा, मुलांनो. हिरड्या सुजल्यात. पू आलाय. दात हलतायत. का? आळस. मावशी, दातांना काय लावता?”

“मिसरी.”

पोरं हसली.

ती पुढं काहीतरी सांगू पाहत होती, पण तोंडात डॉक्टरचं बोट होतं. “चहा...” एवढंच कळलं. पहिल्या रांगेतून नाना म्हणाले, “आमचाच चहा पिते ते. साखर कधी कमी पडू देली नाही तिले!”

मास्तरसुद्धा हसले.

खातेस काय, हे कोणीच विचारलं नाही.

मी सांगते. सकाळी चहात बुडवलेला टोस्ट. बागेत नाश्त्याऐवजी चहा. जेवणाची सुट्टी लवकर मोडायची म्हणून पुन्हा चहा. गाडी भरायला उशीर झाला की पुन्हा चहा. पाकासारखा गोड. त्यानं भूक मरते आणि हात चालत राहतात, हे नानांना पक्कं माहीत होतं. घरी भाकरी आणि ठेचा. भाजी बाजाराच्या दिवशी, तीही आधी माझ्या ताटात. मिसरीनं भर घातली, हे खरं. पण ठणकणाऱ्या हिरड्या बधिर करायला तिच्याकडं दुसरं काय होतं?

दिवसभर दातांवर साखर आणि पोटात हिरवं पान नाही. अशा तोंडाचं काय होतं, ते मी पुढं पुस्तकांत वाचलं. डॉक्टरनंही ती वाचली असणारच.

त्या दिवसापासून माय तोंडावर पदर धरून हसायची. मग हसायचीच थांबली. डॉक्टरनं एकेक करून सगळे दात काढले. मी कवळीचं विचारलं तर म्हणाला, “कशाला? यांना कुठं फुटाणे खायचेत?”

मायला फुटाणेच आवडायचे.

पुढची वर्षं तिनं बागेतली टाकून दिलेली डागी केळी कुस्करून खाल्ली. वाळत गेली. गेल्या महिन्यात गेली.

दहाव्याला तापीच्या काठी मीच बसले. मला भाऊ नाही. पिंडाजवळ दादर ज्वारीची कडक भाकरी ठेवली, कांदा ठेवला, मूठभर फुटाणे ठेवले. कावळा येईना. नाना केळीची फणी घेऊन आले होते.

“तिले काय चावता येत होतं? केळं ठेव. लगेच येईन कावळा.”

दोघं-तिघं हसले. मी फणी उचलून त्यांच्या हातात परत दिली.

“घेऊन जा, नाना.”

“काय व पोरी! आमच्या घरचं खाऊनच मोठी झाली ना तू?”

“माय ते खाऊनच गेली.”

मग शेजारची अक्का हळूच म्हणाली, “काहीतरी कबूल कर व माय. जीव अडकला तिचा.”

मी आता त्याच शाळेत शिकवते. पुढच्या महिन्यात तिथं पुन्हा शिबिर आहे. डॉक्टर तोच.

मी मोठ्यानं म्हणाले, “माय, त्या ओट्यावर पुन्हा कोणाची माय बसणार नाही. बॅटरी आलीच, तर आधी बागेतल्या चहाच्या पातेल्यावर धरायला लावीन. पोरांसमोर. नानांसमोर.”

कावळा शिवला की नाही, मी पाहिलं नाही. मी नानांकडं पाहत होते.