चहाच्या टेबलामागे आई

मी रद्दी कागदाच्या तुकड्यांतून माणसांचे चेहरे करते. बोईसरच्या एका छापखान्यात मी औषधांच्या खोक्यांना घड्या घालायच्या कामाला होते. तिथे कटिंग मशीनखाली रोज पोतंभर पट्ट्या पडायच्या. त्या रद्दीतच जायच्या, त्यामुळे मी एखादी पिशवी भरून घरी नेली तरी मालकांची हरकत नसे. सर्दीच्या गोळ्यांचा निळा, खोकल्याच्या औषधाचा गुळासारखा तपकिरी, रक्तवाढीच्या गोळ्यांचा काळपट लाल. नखाएवढे तुकडे कापायचे आणि गोंदाने प्लायवुडवर एकाला एक लावत जायचं. जवळून नुसता कचरा दिसतो, चार पावलं मागे गेलं की चेहरा. मला हे कोणी शिकवलं नाही. शाळांना भिंतीवर लावायला थोर माणसांचे चेहरे हवे असत, ते करून करून हात बसला.

मग मला आईचा चेहरा करावासा वाटला.

आई आमच्या गावी, घिवलीला असते. मासळी सुकवते आणि बोईसरच्या बाजारात आणून विकते. मी तिला म्हटलं, "आई, जरा बस ना माझ्यासमोर."

"कवा बसू? जवळा पसरलाय, कावळं टपून हायत."

शेवटी ती काम करत असतानाच मी तिच्याकडे बघत राहिले. उन्हाने कायमचे किलकिले झालेले डोळे, खालचा ओठ किंचित पुढे. फोटोत ती कधीच अशी आली नव्हती. आमच्याकडे फोटो काढायचा म्हणजे आधी तोंडाला पावडर, आणि वर फोटोवालाही उजळ करून देणार. मी तिला तिच्या रंगाची करायचं ठरवलं. चहाचे पुडे, साबणाची खोकी, खाकी पाकिटं, मिळेल तिथला तपकिरी कागद गोळा केला. गालाच्या हाडावर ऊन चमकतं तिथे बिस्किटाच्या पुड्यातला सोनेरी कागद लावला. अख्खा पावसाळा त्यात गेला.

चित्र पुरं झालं तेव्हा आईने त्यावरून हात फिरवला. "एवढी काळी हाय मी?" असं म्हणाली, आणि मग स्वतःच हसली. "हायच की."

त्याच सुमारास पालघरच्या एका महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. त्यांच्या मंडळाचं कलाप्रदर्शन होतं, पाहुणे म्हणून एक मोठे पुढारी यायचे होते. त्यांचा चेहरा मी कागदाच्या तुकड्यांतून करून स्टेजवर त्यांना द्यावा, असं मॅडमचं म्हणणं होतं.

मी म्हटलं, "करते. पण माझ्या आईचं चित्रही प्रदर्शनात लावा."

"अहो, म्हणजे काय! मधोमध लावू."

साहेबांचा चेहरा मी मॅडमनी पाठवलेल्या फ्लेक्सच्या फोटोवरून केला. फ्लेक्सवाल्याने त्यांना इतकं गोरं केलं होतं की मला जवळजवळ सगळे गुलाबी आणि पांढरेच तुकडे लागले. आईने तिकडे गावभर सांगितलं की पालघरला आपलं तोंड लावणार आहेत.

सकाळी मी टेम्पोतून दोन्ही चित्रं हॉलवर पोचवली. मंडळाच्या मुलींनी ती ताब्यात घेतली आणि मला आत बसवून ठेवलं. दुपारी आई बसने आली. ठेवणीतली साडी, डोक्यात अबोलीचा गजरा. दारातूनच तिने विचारलं, "पोरी, कुठं हाय मी?"

आम्ही दोघी शोधत निघालो. क्रोशाचे रुमाल, रंगवलेल्या बाटल्या, पणत्या. साहेबांचा चेहरा स्टेजवर, भोवती दिव्यांची माळ. आई कुठेच नव्हती. मी एका मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "मागे बघा ना, तिकडे काहीतरी ठेवलंय."

मागच्या बोळात चहाचं टेबल मांडलं होतं. त्याच्यामागे भिंतीला टेकवून आईचं चित्र ठेवलेलं, आणि त्याच्यावर रेललेली टेबलाची एक जादा फळी. वरून चहा सांडून ओघळला होता. हनुवटी आणि गळा फुगून वर आला होता, ओठाचे तुकडे सुटून खाली पडले होते.

आईच चहावाल्याला म्हणाली, "अरं बाबा, ती फळी उचल जरा. ते माझं तोंड हाय."

तो माणूस परप्रांतातला. त्याला मराठी किती कळलं कोण जाणे. त्याने आईकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, परत आईकडे पाहिलं. "अरे, ये तो आप हो मौसी!" हातातली किटली खाली ठेवून त्याने फळी बाजूला केली आणि तो खांद्यावरच्या गमछ्याने चित्र टिपायला लागला. "मुझे तो बोला, पुराना पुट्ठा है, पीछे डाल दो।"

मी मॅडमना गाठलं. त्या साडीच्या निऱ्या सावरत दाराकडे निघाल्या होत्या. "हे बघा, काम तुमचं चांगलंच आहे हो. पण बाकी सगळं कसं प्रसन्न वाटतंय, त्यात तो चेहरा... आणि आत्ता हा विषय नको. साहेब आलेत."

साहेबांनी मला शाल दिली, स्वतःचा चेहरा न्याहाळला आणि माईकवर म्हणाले, "टाकाऊतून टिकाऊ! आमच्या या भगिनीने माझ्यासारख्या टाकाऊ माणसालाही टिकाऊ केलं!" हॉल हसला. मी माईकसाठी हात पुढे केला. मॅडमनी तो निवेदिकेकडे दिला. मी शाल खुर्चीवर ठेवली आणि फोटोच्या आधीच खाली उतरले. कोणाच्या लक्षातही आलं नाही, पुढचं बक्षीस पुकारलं गेलं होतं.

परतताना टेम्पोत आईने चित्र दोन्ही गुडघ्यांत धरलं होतं. मी म्हटलं, "मी करते नीट." ती म्हणाली, "कर." मी हनुवटी सोलून पुन्हा लावली, पण प्लायवुडच फुगलं होतं. ते बसलं नाही.

पुढच्या प्रदर्शनाला मॅडमचा परत फोन आला. या वेळी पाहुणे दुसरे होते, चेहरा त्यांचा हवा होता. मी नाही म्हटलं. "इतकं काय मनाला लावून घ्यायचं?" म्हणाल्या. नंतर शाळांमधून कळलं, की मला आता फार भाव चढलाय असं त्या सांगत फिरतात. शाळांची कामंही तुटत गेली.

तेही मी गिळलं असतं. पण होळीला घिवलीला गेले, तेव्हा आईसोबत बोंबील टांगत असलेली शेजारीण मला म्हणाली, "तुझ्या आयशीला मधोमध लावली व्हती म्हणं! सायबानं येऊन हात जोडलं?"

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे पाठ करून बांबूवरचे बोंबील सरळ करत होती. "हो तर," ती न वळताच म्हणाली. "लय माणसं आली व्हती बघाया."

आईने बाजारात गेल्या वर्षीची सुकी मासळी यंदाची म्हणून विकून कधी गिऱ्हाईक फसवलं नाही. मी म्हटलं, "हो, लय आली होती." शेजारीण खूश झाली आणि पोरासोरांना सांगायला गेली. आई तशीच पाठमोरी काम करत राहिली. मीही टोपलीतले बोंबील घेऊन तिच्या शेजारी टांगायला लागले.