बूट काढून झोपलेले आजोबा

विमानात जेवण वाढणाऱ्या ताईंच्या नोकरीला बावीस वर्षे झाली होती. मध्यरात्रीच्या विमानात कुणाला उठवावे, हे त्या पायांवरून ठरवीत. बूट काढलेला माणूस झोपण्याच्या तयारीने आलेला असतो. बूट घातलेला जेवणाची वाट पाहून पेंगलेला असतो.

त्या रात्री एक आजोबा बूट काढून झोपले होते. ताई जेवणाची गाडी पुढे ढकलणार, तोच त्यांना आजोबांच्या मांडीवर इन्सुलिनची रिकामी सुई दिसली.

"उठवू नका," ताईंची सहकारी कुजबुजली. "झोपमोड केल्याची एक तक्रार आहेच तुमच्यावर. दुसरी आली तर घरी बसाल."

"बसेन. पण यांनी सुई टोचून घेतली आहे आणि पोट रिकामे आहे. साखर एकदम उतरेल." ताईंनी आजोबांना हलवले. "आजोबा, दोन घास खाऊन घ्या."

"सुखाने झोपूही देत नाहीत," आजोबा खेकसले. त्यांचे कपाळ घामाने डबडबले होते. ताईंनी आधी गोड रस पाजला, मग जेवण पुढे केले आणि अर्धे संपेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"तक्रार लिहायची असेल तर कागद देते," त्या म्हणाल्या.

आजोबांनी घास गिळला. "कागद राहू दे, पोरी. आणखी एक पाव आण."