लातूरच्या उन्हातली लोकर

चार बायका सुया घेऊन बसल्या की हात गुंततात आणि तोंडं मोकळी राहतात. मग किस्से साचणारच. कुणी मुद्दाम जमवत नाही. एखादी बाई एक सांगते, दुसरीला त्यावरून दुसरा आठवतो, आणि चहा गार होतो.

आमचा ग्रुप लातूरचा. दुपारची जेवणं उरकली की औसा रोडला सुमनताईंच्या हॉलमध्ये जमायचं. सुमनताई माहेरच्या नांदेडच्या, बोलायला कमी. महानंदाकाकू उदगीरच्या, बोलायला भरपूर. कल्पना आमच्यात सगळ्यात तरुण. जगभरची डिझाइनं तिच्या मोबाईलवर येऊन पडतात. चौथी मी, बँकेतून रिटायर झालेली.

लातूरला थंडी दिवाळीनंतर येते आणि संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत निघून जाते. उरलेलं वर्ष आम्ही पंख्याखाली बसून स्वेटर विणतो. "हे घालणार कोण?" असं ज्यानं विचारलं, त्याच्याशी आम्ही जरा कमीच बोलतो.

*

कल्पनाला एकदा मोबाईलवर परदेशातला स्वेटर दिसला. छातीवर बर्फ, बर्फात हरणांची रांग. तिनं नवऱ्यासाठी तसाच विणायला घेतला. घरात पडून असलेली तपकिरी लोकर संपवायची हाही हेतू होता. पण हरणं निम्मी झाली आणि लोकर कमी पडायला लागली. तिनं शिंगं आखूड केली. तरी पुरेना, मग पायही थोडे आखूड केले.

नवरा सोयाबीनचा आडत्या. एका थंड सकाळी तो स्वेटर घालून मोठ्या हौसेनं मार्केट यार्डात गेला. दुपारी घरी आला तेव्हा स्वेटर घडी करून पिशवीत होता. कल्पनानं विचारलं, आवडला नाही का लोकांना? तो म्हणाला, लई आवडला. माल घेऊन आलेला एक शेतकरी तर जवळ येऊन, हात लावून बघून गेला. आणि जाता जाता म्हणाला, "शेठ, सोयाबीन सोडून शेळ्या कवापासून धरल्या?"

*

महानंदाकाकूंना मोबाईलवर काही सुचत नाही. त्यांना डिझाइन सापडतं ते माणसांच्या अंगावर.

एकदा त्या बहिणीकडे निलंग्याला निघाल्या होत्या. एसटीत पुढच्या सीटवर एक बाई बसलेली. तिच्या स्वेटरच्या पाठीवर पानांची वेल होती, आणि वेल अशी की एक पान कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते कळू नये. काकू टाके मोजायला लागल्या. बोटानं जरा चाचपूनही पाहिलं. बाई दचकली आणि उठून पुढच्या सीटवर गेली. काकूही उठून तिच्या मागच्या सीटवर गेल्या. या गडबडीत निलंगा आलं आणि गेलं.

पार सीमेजवळच्या औरादच्या स्टँडवर बाई उतरली. मागोमाग काकू. शेवटी ती पर्स छातीशी धरून वळली आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला पाहिजे तरी काय?"

काकूंनी विचारलं, देठाजवळ टाका कसा उचललाय? बाईचा जीव भांड्यात पडला. तिनं स्वेटर काढून काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो उलटा करून पाहिला, आत शिवलेलं लेबल होतं. बाई म्हणाली, "मला काय ठाव? रेडीमेड हाय."

परतीच्या गाडीनं काकू निलंग्याला पोचल्या तेव्हा बहिणीकडची जेवणं उरकून भांडीही घासून झाली होती. बहिणीनं विचारलं, उशीर का? काकू म्हणाल्या, "कर्नाटकाची हद्द जवळून बघून आले."

*

एका उन्हाळ्यात आम्ही ठरवलं की आता नवी लोकर आणायची नाही. घरोघरी जी उरलीय ती संपवायची. चौघींनी पिशव्या आणून हॉलमध्ये ओतल्या, तर चालायला वाट राहिली नाही. त्या सगळ्याचे चौकोन विणून एक मोठी वाकळ जोडायची असा बेत झाला. चौकोन झाले, जोडले. पण इतके रंग एकत्र आल्यावर कडेला एक सलग रंग पाहिजेच, यावर एकमत झालं. म्हणून गंजगोलाईच्या बाजारात जाऊन निळी लोकर आणली. कमी पडू नये म्हणून जरा जास्तच आणली.

कड झाली आणि निळी उरली. मग त्या निळीला जोड म्हणून पांढरी आणायला गेलो. दुकानदार भर उन्हाळ्यात आम्हाला पुन्हा पाहून चकित. आम्ही त्याला समजावून सांगितलं की उरलेली लोकर संपवायचं काम चाललंय. त्यानं पांढरे गुंडे काढून समोर ठेवले आणि गंभीरपणे म्हणाला, "चालू ठेवा. तुमचं संपवणं बंद पडलं तर माझं अवघड हाय."

*

पांढऱ्याचं पुढं काय झालं? सुमनताईंनी त्यातून घरातल्या वस्तूंना कव्हरं विणली. मिक्सर झाला, फिल्टर झाला. शेवटी जिन्याखालच्या इन्व्हर्टरवर धूळ बसते म्हणून त्यालाही एक जाड, दुपदरी, गळ्याला नाडी असलेलं कव्हर घातलं.

वैशाखात लाइट गेली आणि इन्व्हर्टर किंचाळून बंद पडला. मेकॅनिक आला. त्यानं आधी इन्व्हर्टर कुठाय असं विचारलं, कारण तो त्याच्यासमोर असूनही त्याला दिसला नव्हता. मग नाडी सोडली, कव्हर उतरवलं, वर हात ठेवला आणि चटकन उचलला.

"काकू," तो सुमनताईंना म्हणाला, "ह्याला थंडी न्हाई. ताप हाय."

*

महानंदाकाकूंचा मुलगा आणि सून पुण्याला. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण काकूंना ज्या बातमीची वाट होती ती येईना. विचारायची सोय नव्हती. एकदा विचारलं होतं तेव्हा सून दोन सणांना आली नव्हती. मग काकूंनी तोंडानं काही न बोलता मऊ पिवळ्या लोकरीचं झबलं, टोपडं आणि मोजे विणले. पिवळा एवढ्यासाठी की मुलगा असो, मुलगी असो, चालतो. इतकं नाजूक काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. पार्सल पाठवलं, सोबत चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही.

काही दिवसांनी आम्ही बसलो असतानाच काकूंच्या मोबाईलवर फोटो आला. सुनेच्या मांडीवर एक कुत्र्याचं पिल्लू. अंगात पिवळं झबलं, डोक्यावर टोपडं, दोन्ही बाजूंनी कान बाहेर. खाली लिहिलं होतं, "आई, अगदी मापात बसलं."

काकूंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन फोटो बघितला. मग मोबाईल माझ्याकडे देत म्हणाल्या, "पोटाकडं सैल झालंय."

दुसऱ्या दिवशी त्या पिवळी लोकर घेऊनच आल्या. सुई हातात घेतली आणि खाली बघतच विचारलं, "शेपटीला जागा कुठं सोडायची असते गं?"

*

सुमनताईंच्या सासूबाई, आमच्या माई, मूळच्या हदगावच्या. त्याच हॉलमध्ये खिडकीजवळच्या खाटेवर बसलेल्या असतात. गेली काही वर्षं त्यांना आठवत नाही. आम्हाला रोज विचारतात, "तुमी कुणाच्या गं?" सुमनताईंनाही नावानं ओळखत नाहीत, "बाई" म्हणतात. पण हातात सुया दिल्या की हात सगळं ओळखतात. दिवसभर सरळ पट्टी विणतात. तिचा ना मफलर होतो, ना शाल.

आधी सुमनताई लोकर आणून देत राहिल्या. घरात पट्ट्यांचा ढीग झाला. मग त्यांनी युक्ती काढली. संध्याकाळी माईंचा डोळा लागला की दिवसाची पट्टी उसवायची. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते, म्हणून ती पातेल्यातल्या पाण्याच्या वाफेवर धरून सरळ करायची, वाळवायची आणि सकाळी गुंडा करून माईंच्या मांडीवर ठेवायचा. "माई, नवी लोकर आणली, नांदेडहून."

माई रोज खूश व्हायच्या. "रंग चांगला हाय," म्हणायच्या. रोज तोच मरून रंग.

कल्पनाला हे पटत नव्हतं. ही फसवणूकच की, असं ती एकदा म्हणाली. सुमनताईंनी फक्त एवढंच सांगितलं की माईंना कळत नाही तेच बरं आहे.

मागच्या थंडीत सुमनताईंना ताप होता. पट्टी उसवली, पण वाफ द्यायला त्राण नव्हतं. सकाळी तसाच कुरळा गुंडा दिला. दुपारी आम्ही सगळ्या तिथंच होतो. माईंनी सुया घेतल्या, टाके घातले आणि थांबल्या. धागा दोन बोटांत धरून चोळला. मग मान वर करून सुमनताईंकडे पाहिलं.

"सुमन," त्या म्हणाल्या, "काल वाफ दिली न्हाईस व्हय? लोकर वाकडी लागायली."

एवढं बोलून माईंनी पुढचा टाका घातला.