छत्री असून भिजलेली बाई

लंडनमधल्या क्रॉयडनच्या घरात नेहाची ओली छत्री दाराशी उघडी वाळते आहे, आणि मला शांघायमधली बाग आठवते.

तेव्हा माझ्या लेकीची नोकरी तिकडे होती. बागेत कितीतरी आया मुलांसाठी स्थळं शोधायला उघड्या छत्र्या जमिनीवर मांडून बसल्या होत्या. प्रत्येक छत्रीवर लग्नाच्या मुलाची नाहीतर मुलीची माहिती चिकटवलेली. "आई, तूही बस माझी छत्री घेऊन!" नेहा म्हणाली. आम्ही खूप हसलो.

तेवढ्यात पाऊस आला. एका बाईने छत्री डोक्यावर धरलीच नाही. लेकीचा कागद भिजू नये म्हणून ती छत्रीवर वाकली आणि स्वतः भिजत राहिली.

आता नेहा चाळिशीची आहे. मघाशी ती आल्या आल्या मी विचारलं, "माझ्यामागे तुझं कोण गं?"

"आई, प्लीज, आत्ताच ऑफिसमधून आलेय," म्हणत ती वर गेली.

मी छत्री मिटायला वाकले, आणि तशीच वाकून राहिले.