शकूच्या पुढचं घर

सुकापूर मागे टाकून गाढी नदीच्या अंगाने चालत राहिलं की बोरपाडा लागायचा. चव्वेचाळीस उंबरे. पहिला गावदेवीचा, शेवटचा शकूचा. शकूच्या पुढे शाळेची जुनी कौलारू इमारत होती, पण ती उंबऱ्यात मोजत नसत. नवी शाळा झाल्यापासून तिथे मोडके बाक, भजनी मंडळाचा फाटका पखवाज आणि वटवाघळं असा संसार होता.

शकू साठीची, धवलारीण, म्हणजे लग्नात धवल्याची गाणी म्हणणारी. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर लोक विडी ओढत थांबतात. धवलारीण आली नाही तर नवरी हळदीच्या पाटावर तशीच बसून राहते. शकूचा आवाज गोड नव्हता. तो पेंढ्यासारखा होता, कोरडा, खरखरीत, आणि एकदा पेटला की विझायचा नाही. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, एकुलती लेक उरणला दिलेली. घरी तिच्याशी बोलायला एक कोंबडी होती, आणि ती उलट बोलायची असं शकूचं म्हणणं होतं.

हळदीच्या दिवशी शकू गावातलं एकेक घर धवल्यात गाऊन मांडवात बोलवायची. ज्या घराचं नाव आलं, तिथे मांडवाच्या धन्याने स्वतः हळद, तांदूळ आणि नारळ नेऊन द्यायचा, की ते घर लग्नाचं झालं. एखादं नाव राहून गेलं तर मागाहून घेता येई. घेतलेलं नाव मात्र परत घेता येत नसे. मांडवात बोलावलेल्याला बाहेर काढलं तर नवरीचा संसार उंबऱ्यातच अडतो, असं बोरपाडा मानत आला होता.

लोकांना वाटे शकूने चव्वेचाळीस नावं पाठ केलीत. तिने काहीच पाठ केलं नव्हतं. ती डोळे मिटायची आणि गावातून चालायला लागायची. गावदेवी, मग डावीकडे सरपंच तुळशीराम, वळणावर काशीराम, मग विहीर, चिंच, एकेक दार, शेवटी तिचं स्वतःचं. तिथे पाय थांबले की गाणं थांबायचं. पस्तीस वर्षं ती आपलं नाव सगळ्यांच्या शेवटी घेत आली होती, आणि दरवेळी तिला तसंच व्हायचं: अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं वाटावं, पाय टाकावा, आणि पायरी नसावी.

पंच्याण्णव साली, तुळशीचं लग्न झाल्याच्या आठवड्यात, शाळेच्या इमारतीत बारा तिबेटी माणसं राहायला आली.

हे तुळशीरामच्या हातून झालं. दर थंडीत पनवेलच्या एस.टी. स्टँडजवळ स्वेटर विकणारी ही माणसं ज्या धर्मशाळेत उतरत, तिचं छप्पर त्या वर्षी दुरुस्तीला काढलं होतं. तुळशीराम त्यांच्याकडे मफलर घ्यायला गेला. दुकान मांडून बसलेल्या डोलमाने तो त्याच्या गळ्यात घातला, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि हिंदीत म्हणाली की साहेब आता अगदी मंत्री दिसतात. मंत्री दिसणाऱ्या माणसाला मंत्र्यासारखंच बोलावं लागतं. तुळशीराम म्हणाला, आमच्या गावची शाळा रिकामी आहे, या खुशाल. घरी पोचेपर्यंत मफलर टोचायला लागला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दारात.

डोलमा त्या बाराजणांची म्होरकी. चाळिशीच्या आसपासची, दोन वेण्या, कमरेला पुढे पट्ट्यापट्ट्यांचं रंगीत फडकं बांधलेलं, हसली की सोन्याचा एक दात आधी हसायचा. लहानपणी आईच्या पाठीवर बर्फ ओलांडून आलेली. त्यानंतर ती जिथे जिथे राहिली ती सगळी गावं दुसऱ्यांची होती.

पहिल्या पहाटेला शकूला जाग आली ती भिंतीपलीकडच्या आवाजाने. कुणीतरी एकच वाक्य जात्यासारखं फिरवत होतं. मग भांडी वाजली, मग कुणीतरी खोकलं, मग हसलं. शकू अंथरुणात पडून ऐकत राहिली. तिच्या घराच्या त्या बाजूने आजवर फक्त वारा यायचा. ती उठली, कोंबडीला सांगितलं की आजपासून तोंड सांभाळून बोल, शेजार आला आहे, आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन शाळेत गेली. डोलमाने तिला मीठ-लोणी घातलेला चहा दिला. हा च्या नाय, सार हाय, असा निवाडा शकूने दिला आणि तीन वाट्या प्यायली. आठवड्याभरात दोघी विहिरीवर एकत्र दिसायला लागल्या. एकीची हिंदी अर्धी, दुसरीची पाव, तरी गप्पा काही संपेनात.

इकडे देवळाच्या पारावर वाद पेटला. विरोधात होता काशीराम. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या आंदोलनात त्याच्या डोक्याला सहा टाके पडले होते, आणि तेव्हापासून गावात येणाऱ्या नव्या माणसाकडे तो सातव्या टाक्याकडे बघावं तसा बघायचा. गावाची रीत हा त्याचा आवडता शब्द. त्याचा मुद्दा सरळ होता. स्वेटर विकणारा माणूस थंडीच्या गावाला जाईल. पनवेलला थंडी कुठे आहे? मग ही माणसं इथे का आली? म्हणजे काम दुसरंच काहीतरी असणार. हे ऐकून पारावरची माणसं गंभीर झाली. त्यातल्या सातजणांच्या अंगात डोलमाकडचे स्वेटर होते, आणि ते सातही जण घामाने निथळत माना हलवत होते. दुसरा म्हणाला, ही माणसं नदीतले बेडूक संपवतील. तिसरा म्हणाला, संपवू देत, झोप तरी लागेल. तुळशीराम दोन्ही बाजूंना हो म्हणत मफलरची घडी घालत होता, उलगडत होता.

मग काशीरामने शेवटचं बोलून घेतलं: ही माणसं एकदा आली की जात नाहीत.

शकू पाण्याचा हंडा घेऊन चालली होती. ती थांबली.

"सिडको आली ती तरी कवा गेली रं, काशीराम?"

पार हसला. काशीराम हसला नाही. त्याच्या लेकीचं, रूपाचं लग्न पंधरा दिवसांवर होतं.

"शकूबाय, धवलारनीनं धवला म्हनावा," तो म्हणाला. "नायतर रोडपालीला बी धवलारीन हाय."

शकूने तोंड मिटलं. हंडा घेऊन घरी आली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. मांडव गेला की तिच्याकडे उरणार काय होतं? एक आवाज आणि एक कोंबडी. शाळेचा विषय सोमवारच्या ग्रामसभेत ठेवायचं ठरलं. शनिवारी रूपाची हळद, रविवारी लग्न, सोमवारी सभा. रविवारी ज्याच्याकडे सगळं गाव मटण-भात जेवणार, त्याच्या विरोधात सोमवारी कुणाचा हात वर होणार? शकूलाही हे कळत होतं, डोलमालाही कळलं.

"कोई बात नहीं, दीदी," डोलमा म्हणाली, "गठरी बाँधना हमको आता है." आणि ती खरोखरच गाठोडी बांधायला बसली. शकू तिला गाठ मारायला बोट देऊन बसली, आणि आपल्या गप्प बसण्याची तिला इतकी लाज वाटली की सार न पिताच ती घरी गेली.

शनिवारी दुपारी मांडव भरला. रूपा पाटावर, अर्धी पिवळी. कोपऱ्यात काशीरामची म्हातारी आई सत्यवती, आंब्याच्या डहाळ्यांच्या सावलीत जुन्या भांड्यासारखी ठेवलेली. बेंजोवाले सूर लावून तयार. शकूने नाकाला पदर लावला, डोळे मिटले आणि निघाली.

गावदेवीला हळदीचं बोलावणं गेलं. तुळशीरामच्या घराला गेलं. वळण आलं, विहीर आली, चिंचेखालचा ओलावा पायाला लागला. आवाज पेटला होता. बायका ओळ उचलून धरत होत्या, शकू पुढे, बायका मागे, दारामागून दार. चव्वेचाळिसावं तिचं स्वतःचं आलं. तिने स्वतःला बोलावलं. आणि तिथे थांबायचं ते पाय थांबले नाहीत. पुढे दोरीवर मोजे वाळत होते. चुलीचा धूर होता. जात्यासारखं फिरणारं ते वाक्य होतं. तिने पाय टाकला, आणि पायरी होती.

"शालेच्या घराला हलद सांगा गो, डोलमाबायला बोलावना सांगा गो..."

बायकांनी सवयीने ओळ उचलली. अर्ध्यात त्यांना कळलं. बेंजोवाल्याचं बोट तारेवरच अडकून राहिलं.

शकूने डोळे उघडले. समोर काशीराम, हातात हळदीची वाटी, आणि चेहरा त्या वाटीपेक्षा पिवळा.

"मी नाय रं," शकू म्हणाली. "पाय गेले."

हे तिने गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, आणि ते खरं होतं. पस्तीस वर्षांत एक ओळ चुकली नव्हती, आणि चुकली ती नेमकी आज, नेमकी इथे. रोडपालीच्या धवलारणीचं तोंड तिच्या डोळ्यांपुढे हसायला लागलं. काशीराम म्हणाला, नाव मागे घे. शकू म्हणाली, तू सांग कसं घेऊ, धवल्याला मागचा रस्ता नाही. तुळशीराम म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे.

तेवढ्यात कोपऱ्यातून सत्यवती बोलली. पंच्याऐंशी वर्षांची, दिवसातून चार वाक्यं बोलणारी बाई. ती म्हणाली, काशीराम, तुझ्या हळदीला दामूचं नाव असंच नको असताना आलं होतं. अकरा वर्षं तुझा बाप त्याच्याशी बोलत नव्हता, बांधाचं भांडण, कोयते निघालेले. पण नाव आलं, आणि तुझ्या बापाने नारळ स्वतः नेला. मग चौथं वाक्य तिने मोठ्याने उच्चारलं.

"तू काय बापाहून मोठा झालास?"

पारावर महिनाभर ज्याने रीत रीत केलं, त्याच्या दारात रीत येऊन बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

"बाबा, माजी हलद सुकतंय," पाटावरून रूपा म्हणाली.

काशीरामने ताट उचललं. हळद, तांदूळ, नारळ. तो निघाला तशी मागे बायका निघाल्या, बायकांमागे पोरं, आणि मिरवणूक दिसली की वाजवायचं एवढंच माहीत असलेले बेंजोवाले निघाले. सगळ्यांत मागे शकू, पदर तोंडात कोंबून.

शाळेच्या दारातून डोलमाने काय पाहिलं? पुढे तो विरोधातला माणूस, हात पिवळेजर्द, डोळे लाल, मागे अख्खं गाव आणि वाद्यं. तिने वळून दोन शब्द उच्चारले. मिनिटभरात बाराजण डोक्यावर गाठोडी घेऊन ओळीने बाहेर आले. कुणी रडलं नाही. त्यांना सवय होती. डोलमा मात्र काशीरामसमोर थांबली. तिला एक गोष्ट कळत नव्हती.

"जा रहे हैं भाई," ती म्हणाली. "बाजा क्यों लाए?"

आजवर तिला बऱ्याच ठिकाणांहून काढलं होतं, पण वाजतगाजत कुणी काढलं नव्हतं.

काशीरामने वळून बेंजोवाल्यांकडे पाहिलं. हातातला नारळ एकदम जड झाला. बारा गाठोडी, बारा चेहरे, आणि त्याला आठवली ती सरकारी मोजणीची साखळी, आपल्या शेतात सरपटत आलेली. पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही. रीतीप्रमाणे जे एकच वाक्य म्हणायचं असतं ते त्याने म्हटलं.

"घरातली सगली मानसं घेऊन जेवाला या."

शकूने त्याचं हिंदी केलं. ते इतकं वाईट होतं की डोलमाला लगेच समजलं.

मग जे झालं त्याला पुढे बोरपाडा तिबेटी हळद म्हणायला लागला. बाराजण मांडवात आले आणि घटकेत पिवळे झाले. बेंजोने ठेका धरला, आणि ही माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून ओळीने पाय आपटायला लागली. तीन पाय पुढे, एक मागे. आगरी बायकांनी दोन फेऱ्या बघितलं आणि ओळीत शिरल्या. डोलमाने आहेर आणला होता, गडद तांबडा लोकरी स्वेटर, आणि तो तिने काशीरामला स्वतःच्या हाताने घातला. मांडवात अंगावर चढलेला आहेर जेवण होईपर्यंत उतरवायचा नाही, हीही रीतच. दुपार तापलेली. काशीरामच्या कपाळावरून हळद वाहत आली, नाकावरून टपकली, स्वेटरवर सांडली. लोक म्हणाले काशीराम वितळला. त्याला फक्त घाम आला होता. पण चौथ्या गाण्याला त्याचे पाय तीन पुढे, एक मागे पडताना दिसले. सत्यवतीनेच ते पाहिलं, आणि तिची त्या दिवशीची वाक्यं संपलेली असल्यामुळे ती नुसती हसली.

सोमवारी सभा भरली. तुळशीरामने शाळेचा विषय वाचला आणि काशीरामकडे पाहिलं. काशीराम मान खाजवत उठला. लोकर अजून चावत होती.

"माज्या मांडवात जेवलेलं घर कोन काडतो ते बगू," तो म्हणाला आणि खाली बसला.

हात वर करायची वेळच आली नाही. पुढचा विषय पाणवठ्यावरच्या दिव्याचा होता, त्यावर मात्र दोन तास भांडण झालं.

महाशिवरात्रीच्या आधी तिबेटी माणसं गेली, कार्तिकात येतो म्हणून. वैशाखात तुळशीरामच्या पुतण्याची हळद होती. शाळेला कुलूप, दोरीवर मोजे नाहीत, पलीकडून नुसता वारा. शकू डोळे मिटून गावातून चालत गेली, आपल्या दाराशी आली, स्वतःला बोलावलं आणि जरासुद्धा न थांबता पुढच्या घरी गेली. बायकांनी ओळ उचलली.

तुळशीराम ताट घेऊन शाळेपाशी गेला, कुलपाकडे बघत उभा राहिला, मग बाजूच्या शकूच्या दारात आला आणि विचारलं की ह्या घराच्या वाट्याचं काय करायचं.

शकूने दोन्ही नारळ घेतले. एक आपला फोडला, दुसरा डोलमाचा. कोंबडीला खोबऱ्याचा तुकडा टाकून तिने बजावलं की हा शेजारणीचा आहे, सांभाळून खा, आणि दोन्ही वाटे तिने एकटीने संपवले.